कॅशलेसचे पैसे नेमके गळतात कुठे? मिरजेच्या एका ३० खाटांच्या हॉस्पिटलच्या प्रश्नाला उत्तर

डॉक्टर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही सर्जन, मॅडम फिजिशियन, मिरजेत ३० खाटांचं हॉस्पिटल. निम्म्याहून जास्त पेशंट मेडिक्लेमचे. वॉर्ड भरलेला असतो, तरी महिनाअखेरीला पगार आणि औषधांच्या स्टॉकिस्टची बिलं भागवताना ओढाताण होते. टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्था) वाट्टेल तसं कापतात, त्यांच्या क्वेऱ्या (शंका) संपत नाहीत आणि डिस्चार्जच्या दिवशी नातेवाइकांचा राग तुमच्या काउंटरवर निघतो. यावर नवं बिलिंग सॉफ्टवेअर घ्यावं की सगळं काम बाहेरच्या एजन्सीकडे सोपवावं, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत असं की दोन्ही गोष्टी सध्या थांबवा. मी हॉस्पिटलांच्या बिलिंगचं आणि टीपीए डेस्कचंच काम करते आणि लहान हॉस्पिटलांमध्ये बहुतेक गळती मला केसपेपरवर सापडली आहे. काउंटरवरचा मुलगा बिल करतो ते वॉर्डात आणि ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) लिहिलेल्यावरून. तिथे जे लिहिलं नाही ते बिलात येत नाही, आणि जे अर्धवट लिहिलं ते टीपीएचा डॉक्टर कापतो. हे सॉफ्टवेअर सुधारू शकत नाही आणि सोलापुरात किंवा पुण्यात बसलेली एजन्सी तर मुळीच नाही.

आधी तुमचे पैसे खरंच किती जातात ते पाहू. तुम्ही लिहिलंय की '८० हजारांच्या बिलाला खात्यात ५९ हजार आले, २० हजार गेले'. असा एक क्लेम उलगडून बघा. बिल ८०,०००. करारातली सवलत १०%, म्हणजे ८,००० वजा; ही तुम्ही एमओयूवर (कंपनीशी केलेल्या करारावर) सही करून स्वतः दिलेली आहे. राहिले ७२,०००. त्यातून २,५०० नॉन-पेएबल (विमा ज्यांचे पैसे देत नाही अशा) वस्तूंचे कापले, ते तुम्ही पेशंटकडून घेतले. ३,५०० 'नॉट जस्टिफाइड' म्हणून कापले. मंजूर ६६,०००. त्यावर १०% टीडीएस (पैसे देतानाच कापलेला प्राप्तिकर) ६,६००. खात्यात जमा ५९,४००. आता २०,६०० च्या फरकात खरं नुकसान किती? ३,५००. टीडीएसचे ६,६०० तुमच्या २६एएस मध्ये (प्राप्तिकर खात्याच्या, तुमच्या नावे जमा कराच्या तक्त्यात) दिसायला हवेत आणि रिटर्न भरताना ते वळते करून घ्यायचे आहेत. टीपीएने हॉस्पिटलला पैसे देताना टीडीएस कापायचा, हे प्राप्तिकर खात्याने २००९ च्या परिपत्रकातच स्पष्ट केलंय. पण क्लेमनिहाय टीडीएसची नोंद ठेवून ती २६एएसशी ताडून बघणारी लहान हॉस्पिटलं मला फार कमी भेटली आहेत. सीएकडे वर्षाच्या शेवटी एक आकडा जातो आणि त्यात न सापडलेल्या रकमेचा कुणी पाठपुरावा करत नाही.

म्हणून पहिलं काम अगदी साधं आहे. एक्सेलची एक शीट करा. प्रत्येक क्लेमची एक ओळ: बिल, सवलत, नॉन-पेएबल, इतर कपात आणि तिचं कारण टीपीएच्याच शब्दांत, टीडीएस, जमा रक्कम, यूटीआर नंबर (बँक व्यवहाराचा क्रमांक), फाइल पाठवल्याची तारीख, पैसे आल्याची तारीख. मागच्या तीन महिन्यांचे सगळे क्लेम त्यात भरून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे आणि टीपीए डेस्कवरची मुलगी रोजचं काम सांभाळून ते करू शकणार नाही, म्हणून आठवडाभर तिच्या मदतीला कुणी द्या. शीट भरली की कपातीच्या कारणांचा रकाना फिल्टर करा. कपात सगळीकडून थोडी थोडी होत असेल असं तुम्हाला वाटतं, पण प्रत्यक्षात तीन-चार कारणंच पुन्हा पुन्हा येताना दिसतील. सवलत कुठल्या कंपनीला किती दिली हेही एकदा डोळ्यांखालून घाला. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या दरांवर सही केलेले करार तसेच चालू असतात. दरपत्रक सुधारून पाठवलंच नसेल तर कंपनी स्वतःहून विचारायला येणार नाही.

आता मुख्य मुद्दा. तुमच्याकडच्या डेंग्यूच्या केसेस वारंवार 'ओपीडीवर उपचार शक्य होते' म्हणून नाकारल्या जातात, असं मॅडमनी लिहिलंय. आरएमओची (निवासी डॉक्टरची) ॲडमिशन नोट सहसा अशी असते: 'ताप, अंगदुखी. पेशंट शुद्धीत. व्हायटल्स स्टेबल. दाखल करा, आयव्ही फ्लुइड्स.' टीपीएच्या डॉक्टरने पेशंट पाहिलेला नसतो. त्याच्यासमोर एवढाच कागद येतो आणि या कागदावरून तरी पेशंट घरी राहू शकला असता असंच कुणीही म्हणेल. प्रत्यक्षात मॅडमनी त्याला दाखल का करून घेतलं होतं? तो आदल्या दिवसापासून पाच वेळा ओकला होता, पाणी टिकत नव्हतं, पोटात दुखत होतं, बीपी ९६/६०, नाडी ११२, प्लेटलेट कालच्या १ लाख १० हजारांवरून ६८ हजारांवर आणि हिमॅटोक्रिट (रक्ताचा दाटपणा) चढलेला. ही डेंग्यूची वॉर्निंग साइन्स आहेत. दाखल करण्याचं कारण खरं होतं आणि ते मॅडमच्या डोक्यात स्पष्ट होतं, पण कागदावर उतरलं नाही. ते उतरवायला आरएमओला दोन मिनिटं जास्त लागतात.

पुढच्या चार दिवसांचंही तसंच. डेली नोट्समध्ये रोज 'सेम ट्रीटमेंट' लिहिलेलं असतं. सिस्टरच्या टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्टवर दुसऱ्या दिवसापासून ताप नॉर्मल दिसतो. मग चौथ्या दिवसापर्यंत पेशंट का ठेवला, हा प्रश्न येणारच. ताप उतरल्यानंतरचे दिवसच डेंग्यूत जपायचे असतात हे तुम्हाला माहीत आहे, टीपीएच्या डॉक्टरलाही माहीत आहे, पण 'ताप नाही, प्लेटलेट ४२ हजार, हिरड्यांतून रक्त, निरीक्षणाखाली ठेवणे आवश्यक' ही ओळ त्या दिवशीच्या पानावर हवी. राउंड घेताना हीच गोष्ट तुम्ही आरएमओला तोंडी सांगता. ती लिहिली जातेय ना, एवढं पाहा.

हिस्टरीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पूर्ण क्लेम नाकारला जाण्याचं हे मोठं कारण आहे. रात्री अकरा वाजता पेशंट येतो, घाबरलेला मुलगा म्हणतो, 'बाबांना शुगर आहे बरीच वर्षं.' आरएमओ लिहितो, 'डायबेटिस १० वर्षं.' पॉलिसी दोन वर्षांपूर्वीची. झालं, आधीच्या आजाराची क्वेरी आली. नंतर घरची जुनी फाइल निघते आणि निदान दीड वर्षांपूर्वीचं निघतं. आता इथे एक गोष्ट कधीही करू नका: जुना आकडा खोडून नवा लिहू नका, पान बदलू नका. ती कागदपत्रांतली फेरफार ठरते, क्लेम तर जातोच आणि हॉस्पिटलचं नाव कंपनीच्या कॅशलेस नेटवर्कमधून जाऊ शकतं. योग्य रीत म्हणजे त्या दिवसाची तारीख-वेळ घालून पुरवणी नोट लिहायची, कुणी कोणती माहिती दिली आणि कोणता कागद दाखवला ते नमूद करायचं, सही-शिक्का करायचा आणि जुन्या निदानाचा कागद सोबत जोडायचा. त्याहून चांगलं म्हणजे मुळात अंदाजाने वर्षं लिहायचीच नाहीत. 'नेमका कालावधी नातेवाइकांना सांगता येत नाही, जुने कागद मागवले आहेत' हे खरं आहे आणि तेच लिहावं. २०२४ पासून आधीच्या आजाराचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो, आणि सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल तर सिद्ध झालेली फसवणूक सोडून माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. टीपीए डेस्कवर हे दोन आकडे भिंतीला लावून ठेवा. प्री-ऑथ (कॅशलेसच्या पहिल्या मंजुरीची मागणी) पाठवतानाच पॉलिसीची पहिली तारीख विचारायची सवय लावा. जुनी पॉलिसी पोर्ट करून, म्हणजे दुसऱ्या कंपनीतून आणलेली असेल तर आधीची वर्षंही मोजली जातात, आणि हे पेशंटला अनेकदा माहीत नसतं.

तुमच्या बाजूच्या, म्हणजे सर्जरीच्या फायलींत क्वेऱ्या येतात त्या बहुतेक कागदांच्या असतात. फ्रॅक्चरला ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा एक्स-रे, इम्प्लांटचं स्टिकर आणि त्याचं बिल. अपघात असेल तर एमएलसीची (पोलिसांना कळवलेल्या केसची) प्रत, आणि पेशंट दारूच्या अंमलाखाली होता की नाही याची तुमची स्पष्ट नोंद. अपेंडिक्सला सोनोग्राफी आणि पुढे हिस्टोपॅथॉलॉजी (काढलेल्या भागाच्या तपासणीचा) रिपोर्ट. मोतीबिंदूला लेन्सचं स्टिकर. ज्या दहा-बारा ऑपरेशनांवर तुमचं हॉस्पिटल चालतं, त्या प्रत्येकाचा अर्ध्या पानाचा तक्ता करून फाइलच्या आतल्या बाजूला चिकटवा. स्टिकर ओटीतच ओटी नोटवर लागलं पाहिजे. ते कचऱ्यात गेलं की कंपनीकडून परत मिळवताना आठवडे जातात.

बिलात यायचंच राहून गेलेलं किती, हे बघायला एक छोटा प्रयोग करा. मागच्या आठवड्यातल्या पाच डिस्चार्ज झालेल्या फायली घ्या, सिस्टरच्या नोंदी एका बाजूला आणि फायनल बिल दुसऱ्या बाजूला ठेवून ओळीओळीने ताडा. नेब्युलायझेशन सहा वेळा दिलं आणि बिलात चार दिसतं. ऑक्सिजन कधी सुरू केला ते लिहिलंय, बंद कधी केला ते नाही, म्हणून बिलिंगवाल्याने घाबरून एकच दिवस लावला. रात्री फिजिशियनला बोलावलं, त्यांनी पेशंट पाहिला, सल्ला फोनवरच दिल्यासारखा लिहिला गेला, व्हिजिट लागलीच नाही. उलटही सापडेल: परत आलेली औषधं फार्मसीने क्रेडिट केलीच नाहीत आणि पेशंटने त्याचे पैसे भरले. दोन्ही चुका सारख्याच गंभीर मानून दुरुस्त करा. जे केलं ते सगळं बिलात यावं आणि जे केलं नाही ते कधीच येऊ नये. उपाय एवढाच की डिस्चार्जच्या दिवशी सगळं गोळा करायचं नाही. रोज रात्री आठला, ड्यूटी बदलताना, त्या दिवसाच्या नोंदी सिस्टर आणि बिलिंगचा माणूस एकत्र बसून चढवतील. ३० खाटांना अर्धा तास पुरतो.

आता ज्या कपातीवर तुम्ही हक्काने भांडायला हवं आणि भांडत नाही, ती सांगते: खोलीभाड्याच्या मर्यादेमुळे होणारी प्रमाणशीर कपात. समजा पॉलिसीत खोलीची मर्यादा दिवसाला ३,००० आहे आणि पेशंट ४,५०० च्या खोलीत चार दिवस राहिला. खोली १८,०००, सर्जन-भूल-ओटी मिळून ९०,०००, औषधं आणि कन्झ्युमेबल्स (वापरून संपणाऱ्या वस्तू) ३०,०००, तपासण्या १२,०००. एकूण दीड लाख. मर्यादा दोन तृतीयांश, म्हणून टीपीए सरसकट दोन तृतीयांश मंजूर करून १ लाख देतो. हे चूक आहे. आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्या यांवर प्रमाणशीर कपात लावता येत नाही, आयसीयूच्या खर्चावरही नाही. मग खोलीचे १२,०००, सर्जन-ओटीचे ६०,०००, औषधांचे पूर्ण ३०,००० आणि तपासण्यांचे पूर्ण १२,०००, असे १,१४,००० मिळायला हवेत. फरक १४,००० चा, आणि तो आज पेशंटच्या खिशातून जातोय किंवा तुम्ही सोडून देताय. आणखी महत्त्वाचं म्हणजे तुमच्याकडे ऑपरेशनचा दर जनरल वॉर्डला आणि स्पेशल रूमला एकच असेल, तर त्यावरही ही कपात लावता येत नाही. तुम्ही दर एकच ठेवलाय असं लिहिलंय. मग तसं छापील दरपत्रक सही-शिक्क्यासह प्रत्येक टीपीएला पाठवून ठेवा आणि कपात आली की त्याचा हवाला देऊन पुनर्विचार मागा. महाराष्ट्रात नर्सिंग होमच्या नियमांप्रमाणे दरपत्रक दर्शनी लावावं लागतंच, तेच इथे पुरावा म्हणून उपयोगी पडतं.

खोलीचा दर ठरवताना जीएसटीकडेही बघा. १८ जुलै २०२२ पासून आयसीयू सोडून दिवसाला ५,००० पेक्षा जास्त भाड्याच्या खोलीवर ५% कर आहे आणि तो पूर्ण भाड्यावर लागतो. ५,००० ची डिलक्स रूम ५,२०० केली की पेशंटवर २६० रुपयांचा कर येतो आणि तुमच्या मागे हिशेबाचं काम वाढतं.

काउंटरवरची भांडणं कमी करायची असतील तर नॉन-पेएबलचं आधीच बोला. डायपर, मास्क, नेब्युलायझर किट, थर्मामीटर यांसारख्या गोष्टींची यादी आयआरडीएआयनेच ठरवून दिलीय. दुसऱ्या काही वस्तू खोलीभाड्यात किंवा ऑपरेशनच्या दरात धरलेल्या असतात. ऑपरेशनच्या आधी वापरलेलं रेझर, ड्रेसिंगचा कापूस, फाइल बनवण्याचा आकार हे वेगळे लावले तर कापले जाणार, आणि करार झालेला असताना ते पेशंटकडून मागणंही योग्य नाही. तुमच्या बिलात अशा ओळी भरपूर दिसतात. त्या काढा आणि दर ठरवतानाच त्यांचा खर्च धरा. खऱ्या नॉन-पेएबलचा अंदाज दाखल करतानाच लेखी द्या, मराठीत, एका कागदावर: 'विमा मंजूर झाला तरी साधारण एवढी रक्कम आपल्याला भरावी लागेल.' त्यावर नातेवाइकाची सही. डिस्चार्जला २,५०० मागितल्यावर जो माणूस चिडतो, तोच माणूस पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तयारीनिशी आला असता.

डिस्चार्जच्या वेळेबद्दल टीपीएला दोष देण्याआधी एक दिवस घड्याळ लावून बघा. २९ मे २०२४ च्या परिपत्रकाने आयआरडीएआयने विमा कंपन्यांना वेळ बांधून दिली: पहिली कॅशलेस मंजुरी एका तासात आणि हॉस्पिटलकडून अंतिम मागणी गेल्यापासून डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत. उशिरामुळे हॉस्पिटलने जादा आकारणी केली तर ती कंपनीने सोसायची आहे. पण हे तीन तास तुमची फाइल गेल्यापासून मोजले जातात. तुमच्याकडे राउंड अकराला, समरी टाइप होते एकला, फार्मसीचा हिशेब येतो दोनला, फाइल जाते अडीचला. मग साडेपाचपर्यंत पेशंट बसून राहतो आणि खालच्या मजल्यावर नवा पेशंट खाटेची वाट बघत असतो. ज्याचा डिस्चार्ज उद्या ठरलाय त्याची समरी आज रात्रीच टाइप करा, औषधं आज संध्याकाळीच परत करा, रिपोर्ट आजच फाइलला लावा. सकाळी आठला त्या पेशंटांचा राउंड आधी घ्या, सही करा, नऊला फाइल पाठवा. तुमच्यासारख्या हॉस्पिटलांमध्ये जेवढे बदल सुचवले त्यातला हा सगळ्यात लवकर फळ देणारा आहे, आणि याला खर्च शून्य आहे. फाइल गेल्याची वेळ पोर्टलच्या स्क्रीनशॉटसह ठेवा, म्हणजे उशीर कुणाचा यावर वाद राहत नाही.

ज्या कंपन्यांशी तुमचा करार नाही त्यांचे पेशंट सध्या तुम्ही सरळ रोखीवर घेता. जनरल इन्शुरन्स कौन्सिलने जानेवारी २०२४ मध्ये 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' सुरू केल्यापासून तिथेही मागणी करता येते. ठरवून करायच्या ऑपरेशनला ४८ तास आधी आणि तातडीच्या केसमध्ये दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत कंपनीला कळवायचं. मंजुरी मिळेलच असं नाही, पण विचारायला हवं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत जायचं की नाही हेही तुम्ही विचारलंय. योजना चांगली आहे, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच आहे आणि तुमच्या भागातल्या कितीतरी लोकांना दुसरा आधार नाही. जावं असंच मी म्हणेन, पण आधी तुमच्या नेहमीच्या ऑपरेशनांचा खर्च पॅकेजच्या दराशी मांडून बघा, आणि पैसे उशिरा येतील हे धरून काही महिन्यांचं खेळतं भांडवल वेगळं ठेवा. एक पक्कं: पॅकेजमध्ये पेशंटकडून वर एक रुपया घ्यायचा नाही. हे ज्याला परवडणार नाही त्याने योजनेत जाऊ नये.

पाठपुराव्याला ठराविक दिवस लावा. दर सोमवारी शीटमध्ये ३० दिवसांपुढचे क्लेम बघायचे, मंगळवारी त्यांना मेल. फोनवर 'प्रोसेसमध्ये आहे' हेच उत्तर मिळतं, त्याचा पुढे उपयोग होत नाही. क्वेरीला त्याच दिवशी उत्तर गेलं पाहिजे, आणि ते उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या सहीने, वैद्यकीय कारण देऊन. डेस्कवरच्या मुलीने लिहिलेलं 'कृपया मंजूर करावे' वाचून कुणाचं मत बदलत नाही. तिला तुमची आणि मॅडमची रोज दुपारी पंधरा मिनिटं हवीत, फक्त क्वेऱ्यांसाठी. क्लेम अन्यायाने नाकारला असं वाटत असेल तर कंपनीकडे तक्रार, मग आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल, मग विमा लोकपाल, हा मार्ग पॉलिसीधारकासाठी आहे. तक्रार तुम्हाला करता येणार नाही, पण पेशंटला मुद्देसूद वैद्यकीय पत्र लिहून देणं तुमच्या हातात आहे. नकाराच्या पत्रात कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीची संमती घेतल्याचा उल्लेख आहे का तेही बघायला सांगा. २०२४ च्या त्याच परिपत्रकानुसार त्या संमतीशिवाय क्लेम नाकारता येत नाही.

आता एजन्सी. तीन महिने वरच्या गोष्टी केल्यावर कपात खाली आली, तरीही माणूसबळ अपुरं पडत असेल, तर फक्त पाठपुरावा आणि पैसे जुळवणं बाहेर द्या. प्री-ऑथ आणि क्वेऱ्यांची उत्तरं हॉस्पिटलमध्येच राहू द्या, कारण त्यासाठी उठून वॉर्डात जावं लागतं. एजन्सीला मोबदला जमा झालेल्या रकमेवर ठरवा, पाठवलेल्या क्लेमच्या संख्येवर नको, आणि पोर्टलचे पासवर्ड तुमच्या नावाने, तुमच्या मोबाइलवर ओटीपी येईल असे ठेवा. सॉफ्टवेअरचं म्हणाल तर सध्याच्याच सॉफ्टवेअरमध्ये वॉर्डातून नोंद चढवायची सोय असते. तुमच्याकडे ती बंद आहे की सुरूच केली नाही, हे आधी विक्रेत्याला विचारा. आणि डेस्कवरच्या त्या मुलीचा पगार बघा. या हॉस्पिटलचे निम्म्याहून जास्त पैसे तिच्या हातून येतात. ती दुसरीकडे गेली तर नवीन माणूस तयार व्हायला सहा महिने लागतील.